भिंतीवर क्रांती, दारात लष्कर

ज्या कॉलेजच्या भिंतींवर मेक्सिकोने आपली क्रांती रंगवायला घेतली, त्याच कॉलेजचं दार १९६८मध्ये लष्कराने बझूका डागून उडवलं. आणि दार उडवणारं सरकार स्वतःला क्रांतीचं वारसदार म्हणवत होतं! मधल्या चार-साडेचार दशकांत नेमकं काय झालं?

मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याची एक जुनी, मोठ्या चौकांची इमारत आहे. तिच्या भिंती तळमजल्यापासून वरपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत. त्यातल्या एका चित्रात जेवणाचं टेबल मांडलंय. भोवती कष्टकरी माणसं आणि पोरंबाळं बसलीत. यजमानाच्या जागी बसलेला माणूस पाव मोडतोय, सगळ्यांना वाटण्यासाठी. चित्राचं नाव ‘आमची भाकरी’, साल १९२८, चित्रकार दिएगो रिव्हेरा. आणि तो पाव मोडणारा माणूस कोण माहितीये? पांडुरंग खानखोजे. मूळ गाव वर्धा!

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर कसा पोचला, ते पुढे येईलच. त्याआधी ही भिंत रंगवायची वेळ का आली, ते बघू. फ्रिडा काहलोचा चेहरा असलेली टोट बॅग आपल्यातल्या निम्म्या जणींकडे असते. ‘कोको’ बघून आपण सगळे रडलोय. पण या रंगांच्या मागे दहा वर्षांची यादवी आहे, हे सहसा आपल्या डोक्यात नसतं.

पाहुण्यांसाठी झाडलोट

सप्टेंबर १९१०. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याला शंभर वर्षं झाली म्हणून राजधानीत महिनाभर जंगी सोहळा चालला होता. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियाज त्याच महिन्यात ऐंशी वर्षांचा झाला. मधली चार वर्षं सोडली तर १८७६पासून खुर्चीवर तोच. रेल्वे आली होती, परदेशी भांडवल आलं होतं, पॅरिसच्या धर्तीवर रस्ते झाले होते. देशोदेशीचे पाहुणे येणार म्हणून अनवाणी, फाटक्या कपड्यांतल्या लोकांना मुख्य रस्त्यांपासून लांब ठेवण्यात आलं. (ही झाडलोट लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.)

शहराबाहेर चित्र वेगळं होतं. शेतजमीन मोजक्या हासिएन्दांच्या, म्हणजे अवाढव्य जमीनदारी इस्टेटींच्या घशात गेलेली. मजूर तिथेच राहायचा आणि इस्टेटीच्याच दुकानातून उधारीवर माल उचलायचा. ती उधारी कधी फिटायची नाही आणि बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर चढायचं. आपल्याकडच्या वेठबिगारीच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दहातल्या सातांहून जास्त लोकांना अक्षरओळख नव्हती.

निवडणुकीत दियाजच्या विरोधात उभं राहण्याची हिंमत फ्रान्सिस्को मादेरो या श्रीमंत घरातल्या माणसाने केली. त्याचं म्हणणं साधं होतं: मताला किंमत द्या आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा नको. दियाजने त्याला तुरुंगात टाकून निवडणूक ‘जिंकली’. मादेरोने अमेरिकेत पळून जाऊन उठावाची हाक दिली, तीही चक्क तारीख-वेळ जाहीर करून. २० नोव्हेंबर १९१०, संध्याकाळी सहा.

दियाज सहा महिन्यांत गेला, पण गोष्ट तिथे संपली नाही. दक्षिणेला मोरेलोस प्रांतात एमिलियानो झपाटाच्या शेतकऱ्यांना फक्त नवा राष्ट्राध्यक्ष नको होता, साखरेच्या इस्टेटींनी गिळलेली गावाची जमीन परत हवी होती. उत्तरेला पांचो व्हियाची घोडेस्वारांची फौज होती. १९१३मध्ये लष्करी बंडात मादेरो मारला गेला आणि पुढे सगळेच एकमेकांविरुद्ध लढत राहिले. डिसेंबर १९१४मध्ये व्हिया आणि झपाटा राजधानीत शिरले, तेव्हाचा फोटो प्रसिद्ध आहे. व्हिया राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत खुशीत बसलाय आणि शेजारचा झपाटा मांडीवर मोठी टोपी ठेवून संशयाने कॅमेऱ्याकडे बघतोय. १९१७मध्ये नवी राज्यघटना आली. जमीन देशाची, कामाचे तास आठ, शिक्षण धर्मसंस्थेच्या ताब्यातून बाहेर, अशी तिची कलमं त्या काळाच्या कितीतरी पुढची होती. दोन वर्षांनी झपाटाला दगा देऊन मारलं. १९२०पर्यंत सुमारे दीड कोटींच्या या देशाने लढाई, उपासमार आणि साथींत दहा लाखांच्या आसपास माणसं गमावली, असा अंदाज नेहमी दिला जातो.

एका पैशाचा कागद

वाचता न येणाऱ्या देशात या सगळ्याच्या बातम्या पोचायच्या कशा? गाण्यातून. ‘कोरिदो’ हा तिथला पोवाडाच म्हणा ना. कुठे, कोणत्या तारखेला, कोण लढलं, कोण पडलं, हे सगळं त्यात यायचं आणि शेवटी गायक श्रोत्यांचा निरोप घ्यायचा. बाजारात गायक गायचा आणि तीच गाणी स्वस्तातल्या कागदांवर छापून विकली जायची.

त्या कागदांवरची चित्रं कोरणारा माणूस म्हणजे होसे ग्वादालूपे पोसादा. मंत्री असो की भिकारी, त्याने सगळ्यांना हाडांचे सांगाडे करून टाकलं. पिसांची टोपी घातलेली त्याची नखरेल कवटी आज ‘कात्रिना’ म्हणून जगभर मिरवते. ‘कोको’मधल्या सांगाड्यांची ही पणजीच. पोसादा स्वतः १९१३मध्ये गरिबीत गेला. पण सामान्य माणसाला कळेल असं, स्वस्त आणि बोचरं चित्र काढायची वाट त्याने घालून दिली होती.

गाण्यांतली सगळ्यात लाडकी नायिका ‘आदेलिता’. फौजांबरोबर फिरणाऱ्या बायकांना ‘सोल्दादेरा’ म्हणत. त्या सैन्यामागे चालत, रेल्वेच्या टपावर बसून प्रवास करत, जिथे थांबतील तिथे चूल मांडत, जखमींना सांभाळत. अनेकींनी बंदूकही चालवली. पुढे कॅलेंडरवर आदेलिता झळकली, छातीवर काडतुसांचा पट्टा आणि ओठांना लाली लावून. पण नवी घटना लिहिली जात असताना एर्मिला गालिंदो या कार्यकर्तीने बायकांना मताचा अधिकार मागितला, तेव्हा तो नाकारण्यात आला. राष्ट्रीय पातळीवर तो मिळायला १९५३ उजाडलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी पहिल्या लोकसभेसाठी मतदान केलं, तेव्हा आदेलिताच्या मुली अजून थांबून होत्या.

शाळेआधी भिंत

यादवी शमल्यावर १९२१मध्ये होसे व्हास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाला. त्याने खेडोपाडी शिक्षक धाडले, पुस्तकं छापली आणि चित्रकारांना बोलावून सरकारी इमारतींच्या भिंती हवाली केल्या. घरात टांगलेलं चित्र एकाच्या मालकीचं असतं. भिंत मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची.

पहिल्या भिंती होत्या सान इल्डेफोन्सोच्या. मुळात हे जेझुइटांचं जुनं विद्यालय, पण तेव्हा तिथे देशातलं नामांकित ज्युनिअर कॉलेज भरायचं. १९२२पासून रिव्हेरा, होसे क्लेमेन्ते ओरोस्को आणि दाविद आल्फारो सिकेरोस तिथे परातींवर चढून रंगवू लागले. त्याच वर्षी तिथे प्रवेश घेतलेल्या मोजक्या मुलींपैकी एक होती फ्रिडा काहलो. तुम्हाला वाटेल, पोरं या चित्रांवर फिदा झाली असतील. छे! १९२४मध्ये चिडलेल्या विद्यार्थ्यांनीच ओरोस्को आणि सिकेरोसची चित्रं खरवडून विद्रूप केली. पानं उलटत गेलो की हा तपशील फार वेगळा वाटू लागतो.

रिव्हेरा पुढे शिक्षण खात्याच्या इमारतीत गेला. तिथे दोनशेहून जास्त चित्रचौकटींत त्याने खाणकामगार, साखरेचे मजूर, शिक्षिका, सणवार, जमिनीचं वाटप असा अख्खा देश उभा केला. आणि इथेच खानखोजे भेटतात.

खानखोजे गदर चळवळीच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी एक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणच्या भागात ब्रिटिशांविरुद्ध लढले. मायदेशाची वाट बंद झाली म्हणून १९२४मध्ये ते मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. हे विद्यालय भरत होतं एका जुन्या हासिएन्दात! तिथलं ब्रीद असं: जमिनीतून पीक काढायला शिकवा, माणसाला पिळायला नको. खानखोजेंनी मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, तीना मोदोत्तीने त्यांच्या कणसांचे फोटो काढले. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. ते रिव्हेराच्या टेबलावर यजमान झाले ते उगाच नाही. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले.

क्रांती ‘संस्थात्मक’ झाली

१९२९मध्ये क्रांतीतल्या विजेत्यांनी एक पक्ष स्थापन केला. दोनदा नाव बदलून १९४६मध्ये तो ‘संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष’ झाला. क्रांती, आणि तीही संस्थात्मक! हा पक्ष सलग ७१ वर्षं, म्हणजे २०००पर्यंत सत्तेवर राहिला. दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष बदलायचा, त्यामुळे मादेरोची ‘तोच माणूस नको’ ही अट पाळली जायची. पक्ष मात्र तोच.

या पक्षाने काहीच केलं नाही असंही नाही. लाझारो कार्देनासच्या काळात (१९३४-४०) जवळपास १.८ कोटी हेक्टर जमीन वाटली गेली. १९३८मध्ये परदेशी तेल कंपन्या देशाच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा भरपाईच्या निधीसाठी बायका अंगावरचे दागिने, अगदी कोंबड्यासुद्धा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. शाळा निघाल्या, विद्यापीठं वाढली. पण संघटना, निवडणुका, बरीचशी वर्तमानपत्रं हळूहळू सरकारच्या मुठीत गेली. झपाटाचं चित्र सरकारी कचेरीत लागलं आणि झपाटासारखं बोलणारा तुरुंगात.

हे वाक्य अतिशयोक्ती वाटत असेल तर सिकेरोसची गोष्ट ऐका. १९५७मध्ये त्याला चापुल्तेपेकच्या किल्ल्यातल्या इतिहास संग्रहालयात काम मिळालं. विषय: दियाजच्या हुकूमशाहीपासून क्रांतीपर्यंतचा प्रवास. तो रंगवता रंगवता त्याने तुरुंगातल्या रेल्वे कामगारांची बाजू घेतली. १९६०मध्ये ‘सामाजिक विघटन’ या गुन्ह्याखाली सरकारने त्यालाच लेकुम्बेरीच्या तुरुंगात टाकलं. हा तुरुंग दियाजच्या काळातला! क्रांतीचं चित्र चार वर्षं अर्धवट पडून राहिलं, कारण चित्रकार क्रांतीच्याच सरकारच्या कोठडीत होता. सुटल्यावर १९६६मध्ये त्याने ते पूर्ण केलं.

दार उडालं

१९६८. मेक्सिकोत ऑलिम्पिक होणार होतं, लॅटिन अमेरिकेतलं पहिलंच. ‘शांततेत सर्व काही शक्य आहे’ हे घोषवाक्य आणि पांढरं कबुतर शहरभर लागलं होतं. म्हणजे पुन्हा पाहुणे, पुन्हा झाडलोट.

जुलैमध्ये दोन शाळांच्या पोरांत मारामारी झाली. दंगलविरोधी पोलिसांनी वर्गात घुसून पोरांना आणि शिक्षकांनाही बडवलं. निषेध सुरू झाले, धरपकड झाली आणि ३० जुलैच्या पहाटे लष्कराने बझूका डागून सान इल्डेफोन्सोचं जुनं कोरीव लाकडी दार फोडलं. तेच सान इल्डेफोन्सो. आत ओरोस्कोचे शेतकरी-सैनिक भिंतीवर तसेच उभे होते.

राष्ट्रीय विद्यापीठाचे रेक्टर हाविएर बारोस सिएरा यांनी कॅम्पसवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि ते स्वतः मोर्चाच्या पुढे चालले. १९१०च्या त्या सोहळ्यात हे विद्यापीठ ज्यांनी सुरू केलं, त्या हुस्तो सिएरांचे ते नातू. कुलगुरू पोरांबरोबर रस्त्यावर, ही कल्पनाच करून बघा.

विद्यार्थ्यांच्या संप समितीच्या मागण्या सहा. राजकीय कैद्यांची सुटका, पोलीसप्रमुखांची हकालपट्टी, दंगल पथक बरखास्त, मृत आणि जखमींना भरपाई, दोषींची जबाबदारी निश्चित करणं आणि सिकेरोसला आत टाकणारं ते ‘सामाजिक विघटना’चं कलम रद्द. फी कमी करा, परीक्षा पुढे ढकला, असलं काही नव्हतं. वर एक आग्रह: सरकारने बोलायचं ते बंद दाराआड नको, सगळ्यांसमोर.

वर्तमानपत्रं त्यांची बाजू छापेनात, तेव्हा पोरांनी पोसादाची जुनी युक्ती काढली. कला महाविद्यालयांतले विद्यार्थी रात्री-रात्री लिनोलियमवर ठसे कोरू लागले. ऑलिम्पिकच्या त्याच कबुतराच्या छातीत त्यांनी संगीन घुसवली. पाच-सहा जणांची टोळी बसमध्ये, बाजारात, कारखान्याच्या गेटवर जाऊन पत्रकं वाटायची, दोन मिनिटांचं भाषण करायची, डबा फिरवून सुट्टे पैसे गोळा करायची आणि पोलीस यायच्या आत पसार. मोर्चांत सुरुवातीला चे गव्हेराचे फोटो होते. सरकारने ‘हे परदेशी हस्तक’ म्हटल्यावर पोरांनी झपाटा आणि व्हियाचे फोटो हातात घेतले. सरकारी कचेरीतला झपाटा पुन्हा रस्त्यावर आला. १३ सप्टेंबरच्या मोर्चात तर एकही घोषणा नव्हती. अनेकांच्या तोंडावर पट्ट्या. एवढ्या मोठ्या गर्दीत फक्त बुटांचा आवाज.

२ ऑक्टोबरला, आपल्याकडे गांधी जयंती असते त्या दिवशी, त्लातेलोल्कोच्या ‘तीन संस्कृतींच्या चौका’त सभा होती. विद्यार्थी होते, आसपासच्या चाळीवजा इमारतींतले रहिवासी होते, लहान पोरं होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास आकाशात फ्लेअर उडाले आणि गोळीबार सुरू झाला. साध्या वेशातल्या, ओळखीसाठी हातात पांढरा मोजा घातलेल्या ‘ऑलिम्पिया’ बटालियनने वक्त्यांची गच्ची ताब्यात घेतली, खाली लष्कराने चौक घेरला. किती मेले? सरकारने दोन-तीन डझन सांगितले. नंतर तीनशेपर्यंतचे आकडे आले. कागदपत्रांवरून सिद्ध करता आलेले मृत्यू चाळीसच्या घरात आहेत. हजाराहून जास्त जण पकडले गेले. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक पेपरांत लष्कर आणि ‘दहशतवादी’ यांच्यात चकमक झाल्याचं छापून आलं. मास कॉमच्या वर्गात हेडलाइन लिहायला शिकताना हे उदाहरण समोर ठेवायला हवं, असं मला फार वाटतं.

बरोबर दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, विद्यापीठाच्याच स्टेडियममध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं.

दिल्लीतला राजीनामा

मेक्सिकोचे भारतातले राजदूत तेव्हा होते कवी ऑक्टाव्हिओ पाझ. १९६२पासून ते दिल्लीत होते. बातमी कळल्यावर त्यांनी पद सोडलं. ज्या सरकारने पोरांवर गोळ्या झाडल्या, त्याचा प्रतिनिधी म्हणून त्यांना राहायचं नव्हतं. दिल्लीहून ते मुंबईला आले, घारापुरीची लेणी बघितली आणि बोटीने भारताचा निरोप घेतला. पुढे १९९०मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

मेक्सिकोत पत्रकार एलेना पोनियातोव्स्का यांनी तुरुंगातले विद्यार्थी, आया, शेजारी, सगळ्यांची बोलणी टिपून १९७१मध्ये पुस्तक काढलं. सरकारी खुलाशासमोर माणसांचे आवाज उभे केले. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यार्थ्यांवर पुन्हा हल्ला झाला. ‘रोमा’ सिनेमात पाळणा घ्यायला दुकानात गेलेली क्लिओ खिडकीतून जे बघते, ते हेच.

मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न आपल्या कट्ट्यावरही प्रत्येक आंदोलनानंतर येतोच. मतदानाचं वय १८वर आलं. ‘सामाजिक विघटना’चं कलम १९७०मध्ये रद्द झालं. तुरुंगातले नेते सुटले. पक्षाला सत्तेतून जायला अजून तीस वर्षं लागली. लेकुम्बेरीच्या तुरुंगात आता राष्ट्रीय अभिलेखागार आहे. जिथे कैदी होते, तिथे कागद आहेत. सान इल्डेफोन्सो संग्रहालय झालंय.

पण गोष्ट गोड शेवटाची नाही. क्रांतीनंतर खेड्यांतल्या गरीब पोरांना शिक्षक करण्यासाठी ज्या निवासी शाळा निघाल्या, त्यातली एक आयोत्झिनापाची. २६ सप्टेंबर २०१४च्या रात्री तिथले ४३ विद्यार्थी इग्वाला शहरात पोलिसांच्या तावडीत सापडले आणि गायब झाले. ते बस मिळवायला गेले होते. कशासाठी? २ ऑक्टोबरच्या स्मृतिमोर्चाला राजधानीत जाण्यासाठी. आजवर फक्त तिघांच्या अवशेषांची ओळख पटलीय. बाकीच्यांचे आईवडील फोटो घेऊन अजून रस्त्यावर उतरतात.

२०२४च्या १ ऑक्टोबरला क्लाउडिया शेनबॉम मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या स्वतः ऐंशीच्या दशकात विद्यार्थी चळवळीत होत्या. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, त्यांनी १९६८साठी सरकारच्या वतीने माफी मागितली. ५६ वर्षांनी. आयोत्झिनापाच्या पालकांना मात्र माफीआधी आपली पोरं कुठे आहेत, एवढंच हवंय.

‘२ ऑक्टोबर विसरणार नाही’ ही घोषणा आजही दरवर्षी त्या मोर्चात ऐकू येते. १९६८नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली पोरं ती देत असतात. खानखोजेंच्या हातातला तो पाव भिंतीवर १९२८पासून वाटला जातोय. तो आमच्यापर्यंत कधी पोचणार, एवढंच ही पोरं विचारत असतात.